उजव्या कुशीवर

सुनेनं मला चारचौघांत भोळी म्हटलं. लबाड म्हणाली असती, तोंडाळ म्हणाली असती, खाष्ट, कजाग, जिभेला हाड नसलेली, काय वाटेल ते म्हणाली असती तरी मी खुर्चीत अशीच ताठ बसून राहिले असते आणि मनात म्हटलं असतं, बरोबर आहे बाई, अजून दोन शब्द राहिले. पण भोळी! साठ माणसं भरलेल्या खोलीत, हातात कागद धरून, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, आई भोळ्या आहेत. आणि साठ माणसांनी वळून माझ्याकडं बघितलं, आजारी मांजराकडं बघावं तसं. शेजारी कुणीतरी बाई बसली होती, तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि दोनदा थोपटला. तो हात मनगटातून मोडावा असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, कसा मोडायचा तेही डोळ्यांपुढं आलं, ओली चादर पिळतात तसा, एक टोक इकडं, एक तिकडं, शेवटचा थेंब पडेपर्यंत. चाळीस वर्षं चादरी पिळलेले हात आहेत हे. पण मी हात हलवला नाही. ती थोपटत राहिली आणि मी मऊ, म्हातारी, भोळी होऊन बसून राहिले, आणि ते तिला खरं वाटलं. माझ्या आयुष्यात इतकं घाणेरडं मला कधी वाटलं नव्हतं. लोकांची ओकारी धुतली आहे मी, मेलेल्या माणसांच्या गाद्यांचे अभ्रे धुतले आहेत, तेव्हासुद्धा नाही.

हा लिहायचा वर्ग. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी दुपारी भरतो. चालवणाऱ्या बाई आमच्याच गिऱ्हाईक. त्यांच्या प्रत्येक बाहीला शाई. मी एकदा विचारलंही होतं, बाई, तुम्ही कागदावर लिहिता की अंगावर? त्यांनीच जानेवारीत माझ्या सुनेला ओढलं. म्हणाल्या, वर्षभर लिही, महिन्याला एक, तळहातावर मावेल एवढंच. वर्ष संपलं की ज्यानं त्यानं आपलं वर्ष उभं राहून वाचायचं. मुलानं जाऊ दिलं, कारण वर्ग फुकट होता आणि त्याला हसू आलं होतं. "लिहिणार काय ही? साबण संपला, सोडा संपला?" मीही हसले. खोटं कशाला बोलू, त्याच्याहून मोठ्यानं हसले. मी चौथी शिकले. मला गिऱ्हाइकाची खूण लिहिता येते, कॉलरच्या आत, न पुसणाऱ्या शाईनं. त्यापलीकडं लिहिण्यासारखं काही असतं असं मला वाटलं नव्हतं. आज मी इथं आले तीसुद्धा वाचन ऐकायला नाही. मुलानं पाठवलं म्हणून आले. सकाळी तो म्हणाला, "तू जा, आई. बस आणि ऐक. काय काय लिहिलंय माझ्याबद्दल ते लक्षात ठेव, वकिलाला सांगू." मग चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, "आणि मंगळवारचं पाठ आहे ना?" मंगळवारी कोर्टात उभं राहून मी एकच वाक्य बोलायचं आहे: ती गच्चीच्या जिन्यावरून पडली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एवढं बोलले की ठिपकी आमच्याकडं राहणार. ठिपकी म्हणजे नात, पाच वर्षांची. जन्मली तेव्हा गालावर काळा ठिपका, आणि लाँड्रीवाल्यांच्या घरात डाग कसं म्हणायचं, म्हणून ठिपकी. सुनेला मुलानं घराबाहेर काढलं त्याला सात आठवडे झाले. पोर ठेवून घेतली. सुनेच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, आईबाप केव्हाच गेले. कागद नाही, पुरावा नाही, साक्षीदार नाही. आमच्या बाजूनं मी आहे. माझा शब्द आमच्या रस्त्यावर नाण्यासारखा वाजतो, हे मुलाला पक्कं माहीत.

तर मी दुसऱ्या रांगेत बसले, पर्स मांडीवर, कान लावून. कान म्हणजे उजवा. डावा गेला त्याला तीस वर्षं झाली. बाईंनी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, "ह्या तिच्या सासूबाई, मुद्दाम आल्यात," आणि लोक कौतुकानं हसले. सून उभी राहिली. बारीक झाली होती. डाव्या भुवईतून पांढरी रेघ गेलेली, तिथं आता केस उगवत नाहीत. अंगावरचा शर्ट धुतलेला होता पण इस्त्री वाईट, खांद्याला दुहेरी घडी. पहिलं माझ्या मनात आलं ते हे, की बाहेर राहून इस्त्री विसरली. मग ती वाचायला लागली. पहिले दोन महिने मी तिची इस्त्रीच बघत होते.

"मार्च. आमच्या वाळवायच्या मशीनला गोल काच आहे. दुपारी मी तिच्यापुढं उभी राहते. आत लोकांचे शर्ट एकमेकांना मारत असतात. कुणालाच लागत नाही."

लोक हसले, मग हसायचं नव्हतं हे कळून गप्प झाले. मी लक्षात ठेवत होते, वकिलासाठी. ह्यात मुलाचं नाव नाही, धरायला काही नाही.

"जून. ठिपकीनं विचारलं, बाबा दुपारी दार का लावतात? मी म्हटलं, वारा येतो. तेव्हापासून वारा सुटला की ती पलंगाखाली जाऊन बसते."

आणि मग सप्टेंबर.

"सप्टेंबर. मी एक शर्ट लपवून ठेवला होता. तेवढा एकटाच माझ्या बाजूनं बोलणार होता. आईंनी तो धुतला. त्यांना ठाऊक नव्हतं. आई भोळ्या आहेत. त्यांना वाटतं जगात डाग असतो आणि पाणी असतं, तिसरं काही नसतं. इस्त्री करून, घडी घालून त्यांनी तो माझ्या उशीवर ठेवला. मी त्यांना थँक्यू म्हटलं."

तेव्हा तो हात माझ्या हातावर आला. समोर ती ऑक्टोबर वाचायला लागली आणि मी सप्टेंबरातच राहिले. तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते, पाण्याखाली डोकं घातल्यासारखं. भोळी. मी! गिऱ्हाईक दारातून आत येता येता ज्याच्या चालीवरून मला कळतं की कोटाच्या खिशात काय राहिलंय आणि ते बायकोपासून लपवायचं आहे की नाही, ती मी. बाहीवरचा डाग बघून कोण कुठं झोपलं होतं ते सांगणारी मी, आणि सांगायचं नाही हेही कळणारी. ह्या बाईनं मला कागदावर दुधखुळी करून ठेवली. आणि वर थँक्यू. ते थँक्यू मला आठवलं. ती पलंगाच्या कडेला बसली होती, एक डोळा सुजून बंद, शर्टावरून हात फिरवत होती, जिथं डाग होता तिथं बरोबर. म्हणाली, "आई, किती स्वच्छ निघालाय." मी म्हटलं, "कापड चांगलंय." दोघी एवढंच बोललो.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मधे मशीनं, मागं दोन खोल्या. एक माझी, एक त्या दोघांची, मधे लाकडी फळ्यांची भिंत. शेजारून गच्चीचा जिना, वर कपडे वाळतात. एक ते तीन दुकान बंद. त्या दोन तासांत मशीनं थांबतात आणि घर इतकं शांत होतं की नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो. मुलगा ते दोन तास निवडायचा. राग आला की सकाळपासून साठवून ठेवायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, सुटे परत करताना हसायचा, आणि एक वाजता शटर खाली ओढलं की त्या शटरच्या आवाजासारखाच खाली यायचा. मला कापड ओळखायला हात लावावा लागत नाही, झटकल्याच्या आवाजावरून सांगते सुती आहे की लोकरी. तसंच हे. उघड्या तळव्याचा आवाज ओला टॉवेल फरशीवर आपटल्यासारखा येतो. पट्ट्याला आधी एक शीळ असते. मुठीला आवाजच नसतो. मूठ बसल्यावर ज्याला बसली त्याच्या छातीतला वारा बाहेर पडतो तेवढा ऐकू येतो, उशी दाबावी तसा. फळीवर डोकं आपटलं की माझ्या बाजूच्या खिळ्यावरचा आरसा हलायचा. आरसा किती वेळा हलला ते मी कधी मोजलं नाही, पण एकदा तो सरळ करायला उठले होते, ते आठवतं. सरळ केला, चार बोटं मागं सरून बघितला, आणि परत येऊन पडले. जेवण झालं की वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर पडायचं, हे मी लहानपणापासून करत आले. डावा कान मेलेला, तो उशीत जायचा आणि जिवंत कान वर राहायचा. ह्या वर्षी कधीतरी मी कूस बदलली. उजव्या कुशीवर पडायला लागले. जिवंत कान उशीत, मेलेला वर. मग फळीपलीकडून काही म्हणजे काही येत नाही. फक्त खाटेच्या लोखंडातून हाडाला कळतं की काहीतरी पडलं. घरात सगळ्यांना वाटतं आईला आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मी वाटू दिलं.

शर्टाला डाग पडला त्या दिवशी मात्र मी झोपलेलीच नव्हते. इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी एका लग्नाच्या कोटाचं बटण शिवत होते. आमचा इस्त्रीवाला एकोणीस वर्षं आमच्याकडं, बोलायचा नाही, स्वतःची इस्त्री स्वतः आणलेली, जड, लोखंडी, मुठीचं लाकूड त्याच्या हाताच्या आकाराचं झिजलेलं. दुपारी तो ती उभी करून ठेवायचा आणि बाहेर बाकावर जाऊन पडायचा. सून मशीनमधून चादरी काढत होती. एका हॉटेलच्या चादरींना गुलाबी रंग लागला होता, कुठलासा मोजा आत गेला असावा. बास, एवढंच. मुलगा चादर हातात घेऊन बघत राहिला. ती म्हणाली, "परत टाकते, निघेल." तो म्हणाला, "निघेल?" ती म्हणाली, "निघेल हो, सोड्यात भिजवते." तो पुन्हा म्हणाला, "निघेल?" आणि हात मागं नेला, न बघता, जसं आपण ओळखीच्या फळीवरून काही उचलतो तसं, आणि इस्त्री उचलली. तिनं हात वर केला नाही. माझ्याकडं बघितलं. इस्त्रीचं टोक भुवईवर बसलं. आवाज लहान होता, सुपारी फुटल्यासारखा. मग क्षणभर काहीच नाही, कातडं उघडलेलं आणि आत पांढरं, आणि मग ते पांढरं भरून आलं आणि खाली उतरलं, डोळ्यात, गालावर, फिक्या निळ्या शर्टावर, इतकं, इतकं, माणसाच्या कपाळात एवढं रक्त कशाला ठेवलंय कुणास ठाऊक. माझी सुई बटणाच्या भोकात होती. मी टाका पूर्ण केला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी टाका पूर्ण केला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि मग उठले.

मुलानं इस्त्री जागेवर ठेवली. माझ्याकडं वळून लहान पोरासारखा म्हणाला, "गार होती ना, आई." मी इस्त्रीकडं बघितलं. तो म्हणाला, "गार होती. तू तर गरम ठेवली होतीस."

आता ते सांगायलाच हवं. ती माझी फुशारकीची गोष्ट आहे. नात्यागोत्यात सगळ्यांना मी ती सांगितली आहे, नव्या सुनांना तर आवर्जून. माझा नवरा हाताचा हलका नव्हता. एका डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाला माझ्या हातून लाल रंग लागला, तेव्हा त्यानं मला एकच कानाखाली वाजवली आणि डाव्या कानात किटली उकळायला लागली. तीन दिवस उकळली. चौथ्या दिवशी विस्तव काढल्यासारखी बंद झाली, आणि त्यानंतर त्या बाजूनं जगच नाही. पुढं वर्षभर तो मारत राहिला आणि मी वाट बघत राहिले. मग एके दिवशी तो टेबलावर हात टेकून पावत्या बघत होता आणि माझ्या हातात इस्त्री होती, पाणी शिंपडलं की थेंब नाचत पळतील एवढी तापलेली. मी ती उचलली आणि त्याच्या हाताच्या पंज्यावर ठेवली. टाकली नाही, ठेवली, शर्टाच्या बाहीवर ठेवतात तशी, आणि वरून अंगाचा भार दिला. आधी केसांचा वास आला, मग दुसरा. तो ओरडला तो आवाज माझ्या डाव्या कानालासुद्धा ऐकू आला असं मी सांगते, आणि ऐकणाऱ्या बायका हसून लोटपोट होतात. त्यानंतर त्यानं माझ्यावर हात उगारला नाही. वर गेला तेव्हा माझ्या इस्त्रीचा त्रिकोण पंज्यावर घेऊन गेला. इथं गोष्ट संपते. गोष्टीत मी कधी सांगत नाही ते एवढंच, की टेबलापलीकडं, तयार गठ्ठ्यांच्या फळीखाली, सात वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्या हातात लाकडी हँगर होता, तो त्याची बंदूक करायचा. त्यानं सगळं बघितलं. मी त्याला म्हटलं, "बाहेर खेळ जा." तो गेला. जाताना बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत भीती नव्हती. काहीतरी शिकल्याचं समाधान होतं. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, पोराला कळलं आई कोण आहे ते.

म्हणून सुनेचा मला राग होता. अजून आहे. मी इस्त्री उचलली, आणि ही बया पेन उचलते. मार्चमध्ये काच, जूनमध्ये वारा! अगं, समोर एवढं लोखंड तापत पडलंय! असं मी मनात किती वेळा ओरडले असेन. पण तिनं इस्त्री उचलली असती ती कुणाच्या हातावर ठेवली असती? माझ्या मुलाच्या. तो विचार माझ्यानं पुढं नेववत नसे. तिथं आलं की मी कूस बदलायची.

त्या दुपारी बाकावरून उठून इस्त्रीवाला आत आला. फरशी बघितली, तिला बघितलं, मग आपली इस्त्री उचलून खालून बघितली. मला म्हणाला, "बाई, माझी इस्त्री घेतली?" मी म्हटलं, "तिचा पाय घसरला जिन्यावर." तो म्हणाला, "मी इस्त्रीचं विचारतोय." त्यानं ती जागेवर ठेवली आणि म्हणाला, "हिनं मी आता लोकांचे कपडे नाही करणार." एकोणीस वर्षांत त्याचं सगळ्यांत लांब बोलणं तेच. गेला, तो परत आला नाही. इस्त्री ठेवून गेला. म्हणजे जिन्याची गोष्ट मुलानं नाही बनवली, मी बनवली. त्याला तर त्या वेळी शब्दच सुचत नव्हता. मीच त्याच्या हातात ती आयती दिली, पाण्याच्या पेल्यासारखी, आणि मंगळवारी तीच तो माझ्याकडून परत मागणार आहे.

चार दिवसांनी मला वास आला. सोड्याच्या पिंपांमागं मी रोज हात घालते, दुसरं कुणी घालत नाही, हे सुनेला ठाऊक नव्हतं. कापडी पिशवी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो शर्ट, वाळून पुठ्ठ्यासारखा झालेला. वर्तमानपत्र त्याच दिवसाचं, तारखेभोवती पेनानं गोल. बरोबर एक चिठ्ठी, तिच्या अक्षरात. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचली, बोट ठेवून, शब्दाशब्दावर. कुणी, कशानं, किती वाजता, कोण समोर होतं. कोण समोर होतं, त्यापुढं लिहिलं होतं: आई. मी ते तीनदा वाचलं, चूक होऊ नये म्हणून. भोळ्या माणसाला एवढं झाल्यावर काय कळायचं राहतं? तो शर्ट कुणाला दाखवायचा होता, तो दाखवला की मुलाच्या हातात काय पडणार, आणि चिठ्ठीतली आई म्हणजे कोण, सगळं मला स्वच्छ कळलं. मी चूल पेटवून चिठ्ठी आत टाकली. शर्ट मात्र जाळला नाही. जाळायला हवा होता. पण चांगलं कापड जाळायला हात धजेना. असा अक्कलशून्य अभिमान फक्त आमच्याच धंद्यात असेल. चोरसुद्धा हसतील.

मी गार पाणी घेतलं. रक्ताला गरम पाणी चालत नाही, गरमानं रक्त शिजतं आणि धाग्यात कायमचं बसतं. नवशिक्या बायका घाबरून उकळतं ओततात आणि जन्माचा डाग करून ठेवतात. गार पाणी, मूठभर मीठ, आणि घाई नाही. पुठ्ठा हळूहळू पुन्हा कापड झाला. पाणी आधी गंजासारखं झालं, मग चहासारखं, मग नुसतं मळकट. पाणी बदललं, सात वेळा बदललं. गारठ्यानं बोटं बधिर झाली, नखं निळी. कॉलरच्या शिवणीत, बटणपट्टीच्या दुमडीत मी नखानं काढत राहिले. माझ्या हातांना ते रक्त परकं वाटत नव्हतं, हे मी कुणाला कसं सांगू? प्रत्येक पाण्याबरोबर मला वाटत होतं की हे मी सुनेचं धुत नाही, मुलाचंही नाही, हा माझा जुना डाग आहे, तीस वर्षांपूर्वी त्या टेबलावर पडलेला, लोकांना हसत हसत दाखवलेला. शर्ट वाळला. मग मी इस्त्रीवाल्याची ती इस्त्री तापवली आणि तिनंच त्यावर इस्त्री केली. कडक, कॉलरला रेघ, बाहीला एकच घडी. आणि तिच्या उशीवर ठेवला. वाईट हेतूनं ठेवला. तिला कळावं म्हणून ठेवला की ह्या घरात माझ्यापासून काही लपत नाही. ती धमकी होती. मी तिला धमकी दिली आणि तिनं ती कागदावर माया करून लिहिली.

की तिला कळलं होतं? शर्ट गेला तशी चिठ्ठीही गेली होती, एवढा हिशेब कुणालाही लागेल. भोळी म्हातारी चिठ्ठी जाळत नाही. मी मान वर करून बघितलं. ती डिसेंबर वाचत होती. कागदावरून नजर उचलायची, रांगांवरून फिरवायची, आणि माझ्यापाशी आली की पुन्हा कागदावर न्यायची. चेहऱ्यावरून काही कळेना. दोन मुठी, आणि मधे कागद. आपल्या मोठेपणानं मला माफ करून टाकलं असेल तर तिची ही हिंमत! आणि गळ टाकून बसली असेल, तर शाबास. कुठलं खरं ते मला अजूनही ठाऊक नाही.

मी उठूनच जाणार होते. घरी जाऊन मुलाला सांगणार होते, काही नाही रे, काच नि वारा, वकिलाच्या कामाचं काही नाही. सोपं होतं. पण जूनचा तो वारा पायात अडकला. परवा दुपारी ठिपकीच्या हातून निळीची बाटली फुटली. मुलानं तिला मारलं नाही. तिच्या डोक्याजवळून हात नेऊन फळीच्या भिंतीवर मारला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिच्या कानाच्या अगदी जवळ. आरसा खिळ्यावरून सुटला आणि फुटला. ती रडली नाही. तिला माझ्या खोलीत ढकलून तो शटरबाहेर निघून गेला. मी काचा गोळा केल्या आणि खाटेकडं वळले तर ती माझ्या जागेवर पडली होती. उजव्या कुशीवर. एक कान उशीत दाबलेला आणि वरच्या कानात बोट घातलेलं, पार आत. मी ते बोट ओढलं तर निघेना. म्हटलं, "अगं, हे काय?" ती मोठ्यानं बोलली, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं: "आजी, मी तुझ्यासारखी झोपलेय. असं झोपलं की काही होत नाही." मग डोळे मिटूनच म्हणाली, "तुझा वरचा कान खराब आहे म्हणून तुला बोट लागत नाही. माझा चांगला आहे ना."

पाच वर्षांच्या पोरीला माहीत होतं. कूस कुठली, कान कुठला, सगळं. त्या घरात मला बहिरी समजणारं कुणी नव्हतं.

टाळ्या वाजल्या. सगळी माणसं उभी राहिली, खुर्च्या सरकल्या, कागदी कपांतून चहा आला. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "किती सुंदर लिहिते हो तुमची सून! आणि किती प्रेमानं लिहिलंय तुमच्याबद्दल." मी तिचा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "चहा घ्या तुम्ही, गार होईल." गर्दीतून मी पुढं गेले. मधे दोन माणसं होती, त्यांना कोपरानं बाजूला केलं. एकाचा चहा सांडला त्याच्याच शर्टावर. त्याला म्हटलं, "लगेच पाणी लावा, वाळू देऊ नका." सून टेबलाला टेकून उभी होती. मला बघून तिनं कागद छातीशी धरला आणि मान एका बाजूला वळवली, डावी भुवई माझ्यापासून लांब जाईल अशी. मी हात पुढं केला, तिच्या खांद्याकडं, दुहेरी घडी नीट करायला, आणि ती दचकून मागं सरली. टेबल हललं. मी हात तसाच ठेवला, हवेत. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"आई," ती हळूच म्हणाली, "इथं नको. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच," मी म्हटलं. बाईही जवळ आल्या. माझा आवाज दुकानात पाच मशीनं चालू असताना शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, आणि मी तो मुळीच कमी केला नाही. "पेन काढ. काढ म्हणते ना. सप्टेंबर चुकलाय तुझा. खोडून टाक आणि मी सांगते तसं लिही. फळीपलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. इस्त्री मारली तेव्हा मी समोर होते आणि बटण शिवत होते. जिना मी रचला. चिठ्ठी मी वाचली, मग जाळली, आणि तो शर्ट कशासाठी ठेवलाय हे पुरतं कळल्यावर मी तो गार पाण्यात घातला. मंगळवारी तिथं हेच सांगणार आहे, अक्षर न गाळता. पोरगी तुझ्याकडं जाईल. माझ्याकडं कुणी राहतं की नाही ते माझं मी बघीन. आणि मला माफबिफ करायला जाऊ नको, तेवढी मोठी तू झालेली नाहीस. फक्त लिही. लिही, सासू हलकट होती. पण भोळी म्हणालीस पुन्हा, तर याद राख."